भिंतीवर न मावलेली चूक

ट्रक उलटा उलटा येत कारखान्याच्या दारात थांबला, तेव्हा आबा चुकांच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. रविवारी सकाळी ते तिथेच बसत. इतर घरांत म्हातारी माणसं आल्बम बघतात.

भिंतीवर एकसष्ट चुका होत्या. पहिली आबांच्या आजोबांची. कठड्याचा एक खांब. तो खाली चौकोनी आणि वर गोल व्हायचा होता, पण मधेच त्याचं मत बदललं होतं. आजोबांनी तो जाळला नाही. खिळा ठोकून भिंतीवर टांगला आणि म्हणाले, "ही माझी." समोरच्या दोन सुतारांना काय बोलावं सुचेना म्हणून ते म्हणाले, "दिसली." जिने बनवणाऱ्या या घराण्याला तेव्हापासून तोच कायदा. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने टांगायची आणि "ही माझी" म्हणायचं. बाकीच्यांनी "दिसली" म्हणायचं. त्यानंतर त्या चुकीचा विषय जन्मात काढायचा नाही. जेवताना नाही, भांडताना नाही, लग्नाच्या बोलणीत तर मुळीच नाही. चार पिढ्या या खिळ्यांवर एकत्र राहिल्या. आबांच्या एकट्या धाकट्या मुलाच्या अकरा चुका तिथे होत्या आणि घरात सगळ्यात निर्धास्त झोप त्याला लागायची.

कायद्यात भोक एकच होतं. टांगता न येणाऱ्या चुकीचं काय करायचं, हे आजोबा सांगून गेले नव्हते.

ते भोक आता ट्रकमधून खाली उतरलं. सहा फूट उंच, नऊ वर्षांत कमरेभोवती थोडं वाढलेलं.

"आबा," मधला मुलगा म्हणाला, "जिना आणलाय."

"कुठला?"

"वाचनालयाचा. लिफ्ट बसवली त्यांनी. जिना काढून टाकणार होते, मी मागून घेतला. टांगायचाय."

आबांनी मान वळवली नाही. वाचनालयाच्या जिन्याची गोष्ट या घरात कुणी काढत नसे, कारण बाहेर सगळेच काढत. मधल्याने तो अखंड सागवानात केला होता. घराण्यातला सगळ्यात देखणा जिना. फक्त शेवटचं पाऊल पाऊण इंच जास्त उचलावं लागे. माणसाच्या पायाला सवय लागते. अठरा वेळा सात इंच उचलला की एकोणिसाव्या वेळी तो न विचारता सातच इंच उचलला जातो. उद्घाटनाला आलेले मुख्य पाहुणे वरच्या दालनात गुडघ्यांवर प्रवेशले. त्यांच्यामागचे सहा जण त्याच पद्धतीने आल्यावर लोकांना तो रिवाज वाटला. पुढे वाचनालयाने 'शेवटची पायरी उंच आहे' अशी पाटी लावली. मग लोक पाटी वाचता वाचता पडू लागले.

त्या दिवशी आबांनी बारा सुतारांसमोर मधल्याच्या हातातली पट्टी काढून घेतली होती. "आजपासून तुझा आणि इंचाचा संबंध संपला." गावाने त्याचं नाव पाऊण ठेवलं. त्याने अॅल्युमिनियमच्या शिड्या विकायच्या दुकानात नोकरी धरली. जिन्यावाल्याच्या मुलाने शिड्या विकणं म्हणजे काय, हे आबांना शब्दांत सांगता येत नसे. ते नुसते पाणी मागत.

"पाणी," आबा म्हणाले.

ट्रकच्या केबिनमधून पाऊणची बायको उतरली. वहिनी हाडांच्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. थोडक्यात, लोक जिन्यांवरून पडत आणि तिच्याकडे येत.

"आबा, एक स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "आम्ही माफी मागायला आलेलो नाही. कायदा वापरायला आलोय. चूक टांगली की विषय संपतो ना? मग टांगू द्या आणि याला कामावर घ्या. नऊ वर्षं हा झोपेत पायऱ्या मोजतोय. मी अठरापर्यंत ऐकते, एकोणीसला हा दचकून उठतो."

"सूनबाई, कायदा मी सांगते," आत्या आतून म्हणाली.

आत्या आबांची थोरली बहीण. खिळे आणि हातोडी तिच्या ताब्यात असत. हातोडी घेऊनच ती बाहेर आली आणि ती मांडीवर ठेवून बाकावर बसली. तिच्यापुढे मोठमोठी माणसं कबूल झाली होती.

"चूक टांगायची म्हणजे नेमकी चूक टांगायची," ती म्हणाली. "अख्खा जिना टांगून भिंत पाडायची नाही. जी पायरी चुकली तेवढी काढा."

आबांना हे पटलं नव्हतं, पण बहिणीच्या मांडीवर हातोडी होती.

*

धाकट्याला आनंद झाला होता आणि तो लपवायला त्याने भुवया आवळल्या होत्या. नऊ वर्षं भिंतीवर नवीन येणाऱ्या बहुतेक चुका त्याच्याच होत्या. दादा परत आला तर जरा स्पर्धा तरी होणार होती.

त्याने दोन सुतारांना हाताशी घेऊन पायऱ्या अंगणात ओळीने मांडल्या आणि पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसला. पहिली उभी फळी, सात इंच. दुसरी, सात. तिसरी, सात. नवव्या पायरीवर त्याच्या भुवया आपोआप सुटल्या. अठरावी मोजून तो उठला.

"आत्या, यात चूक नाही."

"नीट शोध."

"नीटच शोधली. अठराच्या अठरा सात इंच. केसाचाही फरक नाही."

"चूक असल्याशिवाय माणूस नऊ वर्षं घराबाहेर राहतो का? पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजल्या. या खेपेला उलट्या बाजूने, चूक बेसावध सापडेल म्हणून. सात, सात, सात. त्याला थोडी लाज वाटली. असं काम त्याला जन्मात जमलं नसतं आणि लोक ज्याच्यावर हसत होते ते हे होतं.

"दादा, एकोणिसावी कुठेय?"

"वाचनालयात."

"मग आणली का नाहीस?"

"एकोणिसावं पाऊल म्हणजे वरची फरशीच. ती उचलली असती तर वरचा मजला खाली आला असता."

"म्हणजे तू केलेल्या सगळ्या पायऱ्या बरोबर, आणि जी चुकली ती तू केलेलीच नाहीस?"

"जिना मी केला. पोचायचं कुठे ते मला ठाऊक असायला हवं."

वहिनी ट्रकला टेकून उभी होती. "हे मी नऊ वर्षं रोज ऐकते," ती धाकट्याला म्हणाली. "भाजी खारट झाली तरी म्हणतो, मीठ आणायला मीच गेलो होतो."

आबा खुर्चीतून उठले. पायऱ्यांची ओळ त्यांनी टोकापासून टोकापर्यंत चालून पाहिली. सोळाव्या पायरीशी वाकून लाकडावरून अंगठा फिरवला. हा जिना त्यांनी उद्घाटनाच्या गडबडीत एकदाच पाहिला होता, तोही पडलेल्या पाहुण्यांच्या वरून.

"फरशी किती धरली होतीस?" त्यांनी विचारलं. नऊ वर्षांतलं मुलाशी हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"पाव इंच. पावलांचा आवाज नको म्हणून रबर चिकटवणार होते. तसं कागदावरच होतं."

"आणि घातलं काय?"

"दगड. एक इंची."

"रबराचा दगड झाला, हे तुला कुणी सांगितलं नाही?"

एवढा साधा प्रश्न नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी आबा ओरडत होते, त्यामुळे त्यांना विचारायला सवड झाली नव्हती.

"मी विचारायला हवं होतं," पाऊण म्हणाला.

"मी तुला ते विचारलं नाही." आबा आयुष्यभर जिने करत आले होते. मधली एक पायरी गाळलेली त्यांना डोळे मिटून कळायची. "त्यांनी कळवलं होतं का? कुणाला?"

पाऊणने ट्रककडे पाहिलं, मग आकाशाकडे. कारखान्याच्या काचेच्या केबिनकडे मात्र त्याने पाहिलं नाही. इतक्या काळजीने पाहिलं नाही की धाकट्याने पाहिलं.

*

केबिनमध्ये ताई टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. समोर काळा फोन होता, शेजारी नोंदींची वही, कमरेला किल्ल्या.

ताई सगळ्यांत थोरली. पाऊण गेल्यावर कारखाना तिने सांभाळला आणि झकास सांभाळला. येणारा प्रत्येक फोन ती वहीत दोनदा लिहायची, एकदा ऐकताना आणि एकदा वाचून दाखवताना. गिऱ्हाईक कंटाळून म्हणे, अहो कळलं. ती म्हणे, परत सांगते. तिच्या टापटिपीची गावात वाहवा होती. ती टापटीप नव्हती.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तिने हाच फोन उचलला होता. फरशीवाला म्हणाला होता, रबर रद्द झालं, दगड घालतोय, एक इंची, तुमच्या भावाला तेवढं सांगा. लिहून घेते, ती म्हणाली, आणि पेन्सिल शोधू लागली. टेबलावर नव्हती. खणात नव्हती. टेबलाखाली वाकून शोधताना लाकडाची गाडी आली म्हणून ती बाहेर गेली, आणि निरोप त्या टेबलाखालीच राहिला. पेन्सिल कानामागे होती.

मुख्य पाहुणे गुडघ्यांवर आले त्या क्षणी तिला सगळं आठवलं. आबांचा आवाज एवढा चढला होता की ती मनाशी म्हणाली, रात्री शांत झाले की सांगू. रात्रीपर्यंत पाऊण निघून गेला होता. मग उद्या सांगू. त्या उद्याला आता नऊ वर्षं झाली होती. मधे मधे तिने स्वतःला समजावलं होतं की कारखाना आपण नीट चालवतोय म्हणजे फेडतोय. पण भाऊ शिड्या विकत होता, आणि शिड्या काही तिच्या टापटिपीने कमी होत नव्हत्या.

बाहेर आबांनी पुन्हा विचारलं, "कुणाला कळवलं होतं?"

आणि पाऊणचा आवाज आला, "आबा, जाऊ दे ना. आत्या, खिळा दे. अठरावी टांगतो, ही माझी म्हणतो, विषय संपला."

दोन शब्द. तो ते म्हणाला की तिची चूक कायद्याने त्याची होणार होती, आणि मग तिला ती जन्मात काढता आली नसती. कायदाच तोंडावर बोट ठेवणार होता. किती सोयीचं होतं ते. ताई ताडकन उठली.

तिने फोन उचलला. अख्खाच उचलला, रिसीव्हर, डबा आणि वायरीसकट, आणि काखेत धरून बाहेर आली. वायर टेबलावरून, दारातून, रंध्यांच्या मधून तिच्यामागे सरपटत आली.

"आत्या, हातोडी."

"आता तुझं काय मधेच?"

"माझं मधेच नाही, आधीचं आहे."

"ताई, राहू दे," पाऊण म्हणाला. अगदी हळू.

ताई थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. "तुला माहीत होतं?"

त्याने अठराव्या पायरीवरची नसलेली धूळ झटकली.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. फरशीवाला दुकानात शिडी घ्यायला आला होता. म्हणाला, मी तर फोन केला होता, तुमच्या बहिणीने घेतला. मी म्हटलं, दहा फुटी देऊ का बारा फुटी?"

"आणि तू बोलला नाहीस."

"तू पण नाहीस."

"एक मिनिट," वहिनी ट्रकपासून सरळ झाली. "मला का नाही सांगितलंस? मी या माणसासाठी सकाळी सहापासून ट्रकमध्ये बसलेय. आबांना काय बोलायचं ते पाठ करून आलेय. सहा वर्षं तू झोपेत पायऱ्या मोजायचास आणि तुला माहीत होतं की त्या बरोबर आहेत?"

"घरी गेल्यावर बोलू."

"कुठल्या घरी, ते आधी ठरू दे." ती जाऊन ताईच्या शेजारी उभी राहिली. का, ते तिलाही नीट कळलं नाही. नणंदेचा राग आला होताच. पण नणंद निदान फोन घेऊन बाहेर तरी आली होती.

*

पाऊणला एवढ्या लोकांनी एकदम बघण्याची सवय उरली नव्हती. शिडी घ्यायला आलेले लोक शिडीकडे बघतात.

"सांगून काय झालं असतं?" तो म्हणाला. "मी परत आलो असतो आणि ताई गेली असती. घरातून एक जण गेलेलाच राहिला असता, नुसती अदलाबदल. हे मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी रागावलो होतो, ताई. एवढा, की तुझ्या नावाने एक शिडी मुद्दाम वाकडी उभी करून ठेवली होती. तो राग जायला चार वर्षं लागली."

"आणि उरलेली दोन?"

"वाचनालयाला लिफ्ट बसवायला."

धाकटा हसला. आबांनी पाहिल्यावर त्याने पट्टीने पाठ खाजवायला घेतली.

"पण एक सांगतो," पाऊण म्हणाला. "फोन तुझा असेल, पण जिना माझाच. ज्याच्या हातात पट्टी त्याने शेवटच्या दिवशी वर जाऊन एकदा बघायचं असतं. मी गेलो नाही. जिना एवढा छान झाला होता की मी खालूनच बघत बसलो."

आत्याने दोघांकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला. "दोन खिळे," ती म्हणाली.

ताईने पहिला ठोकला. तिच्या हाताने खिळा सरळ जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो वाकडा गेला. तिने काढून दुसरा मागितला नाही. त्या वाकड्या खिळ्यावरच फोन अडकवला. वायर ताणली गेली, पण पुरली. मग ती वळली आणि आबांसमोर उभी राहिली. कमरेच्या किल्ल्या काढून तिने मुठीत धरल्या होत्या.

"ही माझी," ती म्हणाली. "पेन्सिल कानामागे होती."

धाकटा म्हणाला, "दिसली." वहिनी जरा थांबून म्हणाली, "दिसली." पाऊण म्हणाला, "दिसली." आत्या म्हणाली, "दिसली, आणि त्या किल्ल्या परत कमरेला लाव. त्या चुकलेल्या नाहीत."

आबा राहिले होते. कायदा पूर्ण व्हायला सगळ्यांचं म्हणणं लागे. तोवर फोन नुसता टांगलेला फोन होता आणि ताई नुसती खरं लपवलेली मुलगी. आबा फोनकडे बघत होते. मग ते खुर्चीमागे वाकले, तिथल्या फळीखाली हात घातला आणि एक लाकडी पट्टी बाहेर काढली. कडा झिजलेली, सात इंचाच्या खुणेवर पेन्सिलीने गडद केलेली. नऊ वर्षं ती त्यांच्या पाठीमागे होती.

"दिसली," ते ताईला म्हणाले.

पट्टी त्यांनी मधल्याच्या हातात दिली. पाऊण ती टांगायला भिंतीकडे वळला, तसे आबा म्हणाले, "ती नको. ती कामाला लागेल. अठरावी टांग." त्याने अठरावी पायरी टांगली आणि "ही माझी" म्हणाला. सगळ्यांनी "दिसली" म्हटलं, वहिनीने सगळ्यांत मोठ्याने. उरलेल्या सतरा पायऱ्यांचं काय करायचं, यावर धाकटा म्हणाला की त्या माळ्याला लावू, तिथे जायला आपल्याकडे शिडी आहे आणि ही गोष्ट गावाला कळली तर आपण संपलो. चार पिढ्या जिने करणाऱ्यांच्या कारखान्यात जिना नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग माझी कुठे टांगू?" आबांनी विचारलं.

कुणाला लगेच कळलं नाही. आत्याला कळलं.

"बारा माणसांसमोर मुलाला हाकललं आणि विचारलं एका शब्दाने नाही," आबा म्हणाले. "ती कशी टांगायची? खांब आहे का तो?"

"तुझं वजन खिळ्याला पेलणार नाही," आत्या म्हणाली. "खुर्ची उलटी फिरव. भिंतीला पाठ लावून बस. आम्ही बघतो."

आबांनी खुर्ची फिरवली. एकसष्ट अधिक दोन चुकांच्या खाली, तोंड कारखान्याकडे करून ते ताठ बसले. इतकी वर्षं भिंतीकडे बघणारा माणूस समोरून कसा दिसतो, हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळत होतं.

"ही माझी," आबा म्हणाले.

पाऊणने हातातली पट्टी खाली ठेवली. सुतारांनीही रंधे खाली ठेवले.

"दिसली, आबा," तो म्हणाला, आणि मग बाकीच्यांनी म्हटलं.

झालं. विषय जन्माचा संपला. आता पाणी कुणी मागायचं, एवढंच ठरायचं होतं, तेवढ्यात भिंतीवरची बासष्टावी चूक वाजली.

सगळे फोनकडे बघत राहिले. टांगलेल्या चुकीबद्दल कुणी बोलायचं नाही हे ठीक, पण टांगलेली चूक आपण होऊन बोलू लागली तर काय, हेही आजोबा सांगून गेले नव्हते. तो दोनदा वाजला, तीनदा वाजला. धाकट्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने कायदा आठवून पाहिला.

"काढायचा विषय नाही," ती म्हणाली. "उचलायला काय हरकत आहे?"

ताईचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. पाऊणने आबांच्या डोक्यावरून हात घालून रिसीव्हर उचलला.

"हो, जिन्यांचा कारखाना. बोला." तो ऐकत राहिला. "हो, गोल जिनाही करतो. मीच करतो. उंची सांगितलीत, कळलं. पण त्याच्या आधी एक सांगा. वर फरशी कुठली घालणार आहात? आणि किती जाडीची?"

पलीकडचा माणूस सांगू लागला. पाऊणने रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि वळून म्हणाला, "ताई, पेन्सिल."

ताईने टेबलाकडे पाहिलं नाही, खणाकडे पाहिलं नाही. तिचा हात सरळ कानामागे गेला.